नऊ लाख वेळा सारखंच

ऑफिसात तिला सगळे ‘चाळणी’ म्हणत. नाव ठेवणाऱ्याने कौतुकाने ठेवलं होतं की वैतागून, ते त्यालाच ठाऊक. तिला मात्र ते आवडायचं. प्रोग्राम लिहिणारे लिहून मोकळे होत आणि त्यातले खडे वेचायचं काम हिच्याकडे येई. अकरा वर्षांत तिच्या हातून खडा निसटला तो दोनदाच, आणि त्या दोन्ही तारखा तिला पाठ होत्या.

या खेपेला चाळायला आलं होतं ते घरचंच धान्य. नवं इंजिन तिच्या धाकट्या दिराने लिहिलं होतं. दोघं एकाच घरात राहत, एकाच बसने येत आणि ऑफिसात पाठीला पाठ लावून बसत. पहिल्या दिवशी त्याने तिला ‘मॅडम’ म्हणून पाहिलं होतं, पण दोघांनाही इतकं हसू फुटलं की तो नाद तिथेच सुटला. तेव्हापासून ती ऑफिसातही वहिनीच.

इंजिन म्हणजे धूर सोडणारं नव्हे, मजकुरात शोध घेणारं. त्याला एक साचा द्यायचा, ‘आधी चार आकडे, मग आडवी रेघ, मग एखादं अक्षर’, की ते हजार पानांतून त्यात बसणारं नेमकं तेवढं उचलून दाखवतं. अशा साच्यांना रेग्युलर एक्सप्रेशन म्हणतात. कंपनीचं एक गिऱ्हाईक म्हणजे एक मोठं हॉस्पिटल. तिथले रिपोर्ट अभ्यासासाठी बाहेर जाण्याआधी त्यातली रुग्णांची नावं झाकायची असत, आणि नावं हुडकायचं काम हे इंजिन करी. जुनं कुणी लिहिलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. चालत होतं, पण मुंगीच्या पावलांनी. आपलं नवं तिप्पट वेगाने धावतं, असं दीर सांगत होता. जेवताना सांगत होता, बसची वाट पाहताना सांगत होता, आणि बाथरूमच्या दारातून डोकं बाहेर काढूनही सांगत होता.

“वेग असू दे,” साहेब म्हणाले. “मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. दोन्ही सारखीच वागतात का? हो की नाही?”

आता साचे अगणित आणि मजकूरही अगणित. हाताने किती तपासणार? चाळणीने एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो वेडेवाकडे साचे आपणच रचायचा, तसाच वेडावाकडा मजकूर बनवायचा, दोन्ही इंजिनांपुढे टाकायचा आणि त्यांची उत्तरं ताडून पाहायचा. जुळलं तर हिरवी खूण, नाहीतर लाल. सोमवारी तिने तो सुरू केला. गुरुवारी दुपारी आकडा नऊ लाखांवर गेला आणि पडदा हिरवागार. लाल खूण औषधालाही नव्हती.

“सारखीच आहेत,” तिने साहेबांना सांगितलं.

दिराने केक आणला. कापायच्या आधी घरी फोन लावला. “आई, वहिनीने मला पास केलं!”

“म्हणजे इतके दिवस नापास होतास?” सासूबाईंनी विचारलं, आणि स्पीकर चालू असल्यामुळे ते सगळ्या ऑफिसाने ऐकलं.

साहेबांनी त्याच दिवशी हॉस्पिटलला पत्र धाडलं, की पुढच्या आठवड्यात नवं इंजिन बसवतो.

शुक्रवारी सकाळी त्यांनी दारातून मान आत घातली. “वेगाचे आकडेही दे गं. मागाहून पाठवून देऊ.”

तिने आकडे काढले. प्रत्येक चाचणीला जुन्याला किती वेळ लागला आणि नव्याला किती, अशा दोन रांगा. दोन्ही रांगा जवळजवळ सारख्या. आधी तिला हसूच आलं; दिराचा तिप्पट धावणारा घोडा नुसता थापेचा निघाला की काय! मग तिला शंका आली. तिने नव्या इंजिनाची फाईल उचलून दुसरीकडे ठेवली. आता चाचणीने आरडाओरडा करायला हवा होता. तिने बटण दाबलं. हिरवं. पुन्हा हिरवं. जे इंजिन जागेवरच नव्हतं, तेही जुन्याशी शंभर टक्के जुळत होतं.

तिने सेटिंगची फाईल उघडली. त्यात दोनच ओळी. पहिलं इंजिन: जुनं. दुसरं इंजिन: जुनं. वरची ओळ खाली उतरवताना शेवटचा शब्द बदलायचा राहून गेला होता. चार दिवस, नऊ लाख वेळा, तिने जुन्या इंजिनाला ‘तुझं तुझ्याशी पटतं का’ एवढंच विचारलं होतं, आणि त्या बिचाऱ्याने दर वेळी ‘हो’ म्हटलं होतं.

खुर्ची मागे फिरवून तिने हलक्या आवाजात दिराला सगळं सांगितलं.

“साहेबांना आत्ताच नको सांगूस,” तोही हलक्या आवाजात म्हणाला. “आधी नीट चालव. सगळं हिरवं आलं तर कुणाला पत्ताही लागायचा नाही.”

खोटं कशाला बोला, क्षणभर तिलाही ते पटलं. तिने शब्द बदलला, बटण दाबलं आणि दोघं पडद्याला डोळे लावून बसले. चौथ्या मिनिटाला एकेचाळीस लाल खुणा होत्या. दीर आपल्या खुर्चीकडे वळला, आणि ती साहेबांच्या केबिनकडे.

“त्या नऊ लाख चाचण्यांचं काय मग?” साहेबांनी चष्मा काढून विचारलं.

“वाया गेल्या. चूक माझी आहे, त्याची नाही.”

“आणि माझं पत्र?”

“हॉस्पिटलचा नंबर द्या. मीच फोन करते.”

फोन केला. पलीकडून नोंदणी विभागातल्या बाई म्हणाल्या, “लांबलं म्हणता? बरं झालं म्हणू की वाईट?”

“अजून मलाच माहीत नाही,” ती खरं ते बोलली.

घरचा प्रकार आणखी अवघड. बसमध्ये दीर दोन सीट पुढे जाऊन बसला. जेवताना मिठाची बाटली वहिनीच्या हाताशी होती, तर हा म्हणतो, “आई, मीठ द्यायला सांग.”

“मी काय पोस्टमन आहे?” सासूबाई म्हणाल्या. “तिला तोंड आहे, तुला तोंड आहे. बोला.” तिच्या नवऱ्याने गुपचूप बाटली सरकवली आणि ताटात डोकं घातलं.

सोमवारी चाळणीने लाल खुणांचा ढीग उपसायला घेतला. तोवर त्या दोन हजारांवर गेल्या होत्या, पण चाळता चाळता सगळ्यांचं मूळ एकच निघालं: काना, वेलांटी, उकार. या खुणा अक्षराचाच भाग असतात हे जुन्या इंजिनाला कुणी शिकवलंच नव्हतं. ‘कमला’ हा शब्द त्याच्या मते ‘ल’वर संपायचा आणि शेवटचा काना उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. त्यामुळे ‘हे नाव पूर्ण, सुटा शब्द म्हणून शोध’ असं सांगितलं की ‘वसंत’ त्याला सापडे, ‘कमला’ सापडत नसे. नव्याला दोन्ही सापडत.

“म्हणजे माझंच बरोबर!” दीर तीन दिवसांनी तिच्याशी पहिल्यांदा बोलला. “जुनंच चुकीचं आहे!”

“चूक-बरोबर मागाहून. तिथे काय चाललंय ते आधी बघून येऊ. ऊठ.”

हॉस्पिटलच्या लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला नोंदणी विभाग होता: तीन लोखंडी कपाटं, एक कॉम्प्युटर आणि दोरीचा चष्मा गळ्यात घातलेल्या, निवृत्तीला आलेल्या बाई. चाळणीने काना-वेलांटीचं सांगायला सुरुवात केली, तशा बाई मान डोलवू लागल्या.

“तुमच्या यंत्राला बायका दिसतच नाहीत. वसंत झाकतं, कमला उघडी टाकतं. पुरुषांतलेही हरी आणि बापू सुटतात. मी रोज सकाळी तासभर बसून ती नावं हाताने झाकते. सहा वर्षं झाली.”

“कळवलं नाहीत कधी?”

“कळवलं की! उत्तर आलं, यंत्र नियमाप्रमाणे चालू आहे.”

चाळणीला कुठे बघावं कळेना. दिराने मात्र छाती पुढे काढली. “आता काळजी सोडा, बाई. नवं सगळ्यांना झाकतं. एखादा जुना रिपोर्ट द्या, आत्ता दाखवतो.”

बाईंनी रिपोर्ट दिला. त्याने लॅपटॉपवर नवं इंजिन चालवलं. पहिल्याच ओळीतली ‘कमला’ झाकली गेली. “पाहा!” तो म्हणाला.

“आणि ही?” चाळणीने बोट ठेवलं. दोन ओळी खाली ठसठशीत उभं होतं: ‘कमलाबाईंना सकाळपासून ताप.’

जुन्याने ही झाकली असती. काना त्याला शब्दाबाहेरचा वाटे, म्हणून पुढे ‘बाई’ आली की तिथून नवा शब्द सुरू झाला असं ते समजे, आणि आंधळ्याचा दगड बरोबर लागे. नवं शहाणं, त्याच्या हिशेबी ‘कमलाबाई’ हा वेगळाच शब्द.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “अगंबाई! मी फक्त सुटी नावं बघते. ‘बाई’ लागलेली यंत्र झाकतंच, म्हणून मी तिकडे ढुंकूनही पाहत नाही.”

या आठवड्यात नवं इंजिन बसलं असतं तर कित्येक कमलाबाई आपापल्या दुखण्यांसकट गावभर झाल्या असत्या, आणि त्या नऊ लाख हिरव्या खुणांखाली सही चाळणीची असती.

दीर स्टुलावर बसला. त्याचा चेहरा उतरला होता. “वहिनी,” तो म्हणाला, “तू शुक्रवारी माझं ऐकलं नाहीस ते फार बरं केलंस.”

“मीही अर्धं मिनिट ऐकलंच होतं रे,” ती म्हणाली. “चल, कामाला लाग. बाई, नावांना काय काय शेपट्या लागतात, तेवढं सांगता?”

बाईंना शेपट्या तोंडपाठ होत्या: बाई, ताई, ला, ने, ची, कडून. बोटांवर मोजता मोजता त्यांनी तेवीस सांगितल्या. दिराने नियम नव्याने लिहिले, चाळणीने ते चाळले, आणि खोट निघाली की बाई दोघांनाही शिक्षिकेसारख्या रागावत. दहा दिवस लागले. या वेळी चाळणी रोज सकाळी एक चूक मुद्दाम पेरायची आणि लाल खूण उमटल्यावरच पुढे जायची.

“सारखी वागतात का? हो की नाही?” साहेबांनी पुन्हा विचारलं.

“नाही,” ती म्हणाली आणि कुठे वेगळी वागतात, का वागतात, ते लिहिलेली चार पानं त्यांच्यापुढे ठेवली. एका शब्दाऐवजी चार पानं आल्याबद्दल साहेब कुरकुरले, पण त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. मग त्यांनी स्वतः हॉस्पिटलला फोन केला आणि सहा वर्षांपूर्वीच्या त्या उत्तराबद्दल बाईंची माफी मागितली.

नवं इंजिन एका बुधवारी बसलं. गुरुवारी दहाच्या सुमाराला चाळणीचा फोन वाजला. नंबर नोंदणी विभागाचा. तिने पहिल्याच रिंगला उचलला. मागे दिरानेही टाइप करायचं थांबवलं.

“काही राहिलंय का, बाई?”

“काही नाही हो,” बाई म्हणाल्या. “सगळं नीट झाकलंय. मी दोनदा पाहिलं. आज सकाळी मला कामच उरलं नाही, म्हणून खिडकी पुसली. सहा वर्षांत पहिल्यांदा कळलं, बाहेर बाग आहे.”