दुसरी खेप

मित्रांनो, हिंगणीत शकुबाईंच्या घरासमोर बाभळीखाली एक ट्रॉली उभी आहे. तिच्या एका चाकात हवा नाही आणि मागचा फाळका गंजून लाल झाला आहे. ती मी.

सेलूच्या एका वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. महादेवरावांनी मला ट्रॅक्टरला जोडून गावात आणलं, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी माझ्या चाकांवर पाणी घालून कुंकू लावलं. मी कापूस वाहिला, सोयाबीन वाहिलं, केळझरच्या गणपतीला माणसं नेली. “हे ट्रॉली कधी दगा देत नाई,” असं महादेवराव कौतुकाने सांगायचे.

त्यांनाही गावात मान होता. शेताच्या बांधावरून, म्हणजे धुऱ्यावरून, दोघांचं भांडण जुंपलं की ते दोघांना माझ्या काठावर शेजारी बसवत आणि बोलतं करत. “तोंड चालू राह्यलं की काठी थांबते,” असं त्यांचं म्हणणं होतं.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या देशाशी लढाई पेटली. तिकडून कोणीतरी अणुबॉम्बची भाषा केली आणि आमच्या गावाची झोप उडाली. माणसं माझ्याभोवती जमून मोबाईल बघत. कोणी म्हणे, “आपणच पयले टाका, एकदाचं मिटवा!”

महादेवरावांच्या समोरच्या घरात शकुबाई एकट्या राहतात. महादेवराव त्यांच्याच अंगणात लहानाचे मोठे झाले, म्हणून त्यांना काकू म्हणतात. त्या दारातून म्हणाल्या, “काऊन रे, कोणी त्यायच्याशी बोलून राह्यलं का नाई?”

सगळे हसले. “काकू, दुश्मनाशी काय बोलाचं?” हे कोणी म्हटलं माहीत आहे? महादेवरावांनी.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मुलगा रजत धावत आला. “बाबा, मेसेज आला! आज नागपुरावर बॉम्ब पडणार. विषारी वारा आपल्याकडे येऊन राह्यला!”

मेसेज कुणी पाठवला, हे कुणीच विचारलं नाही. गल्लीतली घरं भराभर रिकामी होऊ लागली. धरणापलीकडे जंगलाला लागून महादेवरावांचं शेत आहे, तिथल्या गुरांच्या कोठ्यात जायचं ठरलं. शकुबाई सगळ्यांच्या आधी माझ्यावर चढल्या आणि गाठोडं मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसल्या. मग लेकरं आली, बाया आल्या. नंतर पेट्या आल्या, सिलिंडर आलं, टीव्ही आला, पिठाची पोती आली. जागा उरली नाही.

“काकू, तू उतर,” महादेवराव म्हणाले. “दुसऱ्या खेपेत नेतो तुले.”

“येशील नं बापा?”

“येतो.”

गुडघ्यावर हात ठेवून त्या उतरल्या. त्यांच्या जागी पिठाचं पोतं ठेवलं गेलं. मी आयुष्यभर ओझी वाहिली, पण त्या पोत्याइतकं जड काही वाहिलं नाही.

शेतात पोचल्यावर महादेवराव परत निघाले, तर रजत म्हणाला, “रस्ते बंद होणार म्हणते. फसान तुमी.” महादेवरावांनी गावाच्या रस्त्याकडे पाहिलं. मग त्यांनी ट्रॅक्टर बंद केला. शकुबाईंचं नाव कोणीही काढलं नाही.

बॉम्ब पडला नाही. दुसऱ्या दिवशी बातमी आली, की दोन्हीकडचे अधिकारी फोनवर बोलले आणि गोळीबार थांबला. आम्ही गावात परतलो. गल्लीतली जनावरं आम्ही तशीच बांधून गेलो होतो, ऐन उन्हाळ्यात. पण प्रत्येक गोठ्यात बादलीभर पाणी होतं. बादल्या ओढून शकुबाईंचं मनगट सुजलेलं होतं. लोक खाली मान घालून आपापल्या घरात शिरले.

महादेवरावांनी मला बाभळीखाली सोडलं, ते आजवर जोडलं नाही. त्यानंतर ते मागच्या गल्लीने जाऊ-येऊ लागले. गावभराची भांडणं मिटवणारा माणूस समोरच्या दारात जाऊ शकत नव्हता.

पेरणीचे दिवस आले, तेव्हा एका सकाळी ते आले. अंगणाच्या कडेलाच थांबले.

“काकू, मी दुसऱ्या खेपेले आलो नाई.”

“हो. मी वाट पाह्यली.” शकुबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. “मले बॉम्बचं भेव नव्हतं रे. तू येशील अन् मी दिसणार नाई, म्हणून जेवाले आत गेली नाई.”

महादेवराव अंगणात खाली बसले. “मले लय लाज वाटली, काकू. म्हणून येणं झालं नाई.”

“त्या दोन देशायनं आखीर फोन तं केला,” त्या म्हणाल्या. “तुले रस्ता ओलांडाले किती दिवस लागले, बापा!”

महादेवरावांनी तोंडाला पंचा लावला. शकुबाईंनी सूप त्यांच्याकडे सरकवलं. “डोळे पूस. खडे निवड.”

मित्रांनो, भीती सगळ्यांनाच वाटते, तिची लाज धरू नका. पण घाबरला असाल तेव्हा गाडीत आधी माणसं बसवा, आणि ‘बोलून पाहा’ म्हणणाऱ्याला हसू नका. मला चाकं आहेत, तरी मला एकटीला परत फिरता आलं नाही. तुम्हाला येतं.