राहिलेलं उतरणं

टेमघरच्या तात्या गुप्त्यांच्या अंगात सकाळपासून मुंग्या शिरल्या होत्या, आणि त्याही साध्या नव्हेत, बूट घालून परेड करणाऱ्या. पडघ्याजवळच्या लडकूशेठच्या मैदानात मांडलेली एकही खुर्ची त्यांनी बसून बघायची सोडली नाही, आणि एकीवरही ते टिकले नाहीत. बाकीचे वऱ्हाडी रस्त्याकडे बघत होते, तात्या आभाळाकडे.

लडकू त्यांचा शाळेतला बाकसोबती. त्याच्या भातशेतीची गोदामं झाली आणि गोदामांच्या भाड्यातून आज नातवाच्या, हितेशच्या, लग्नाला हेलिकॉप्टर येणार होतं. तालुक्यात आता ती टूमच निघाली होती. नवरदेव खारबावला मुलीच्या दारी आभाळातूनच उतरायला हवा! लडकूनं महिनाभर आधी शब्द दिला होता, "तात्या, पायलटच्या बाजूची शीट तुजी."

तात्या एकाहत्तरच्या लढाईत हंटर विमान उडवत होते. शत्रूची किती विमानं पाडली, ते समोर काय खायला ठेवलंय त्यावर ठरायचं. नुसत्या चहावर एक, कांदाभजी असली तर तीन. एकदा म्हणे ते इतकं खालून उडाले, की वाळवंटातला उंट शिंकला आणि विमानाच्या काचेवर धुकं धरलं.

शेवटचा भाग मात्र त्यांनी कधी कुणाला सांगितला नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. खालून गोळे लागले, विमान हाताला जुमानेना, मग खटका ओढला आणि खुर्चीसकट बाहेर फेकले गेले. ते मोहरीच्या शेतात, विमान भलतीकडे. पाठीचे मणके दबले. डॉक्टर म्हणाले, आता उडणं बंद. तेविसाव्या वर्षी टेबलखुर्ची मिळाली आणि निवृत्तीपर्यंत दुसऱ्यांच्या उड्डाणांवर सह्या केल्या. पुढे प्रवासी विमानात खूपदा बसले, पण पंखाशेजारी, शेंगदाण्याची पुडी घेऊन. समोरच्या काचेतून जमीन जवळ येताना पुन्हा दिसली नाही. आपण त्या दिवशी वर गेलो आणि अजून उतरलोच नाही, हे त्यांना पन्नासेक वर्षं टोचत होतं. एक उतरणं राहिलं होतं.

आणि ऐन वेळी मामा आडवा आला. नवरदेवाचा मामा, मोरू.

"पुढं मामाच बसनार. मान हाय आमचा! या म्हाताऱ्यानं इमान चालवलं का रिक्षा, कुनाला ठाव? उंट शिंकला म्हनं!"

लडकू बिचारा दोघांच्या मध्ये. तात्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "तात्या, लग्नाचं घर हाय. तू आपला जीपनं ये रं."

तात्या मैदानाला आणखी एक फेरी मारून आले.

तेवढ्यात हेलिकॉप्टर आलं. त्यातून क्षितिजा नावाची तरुण पायलट उतरली, हातात वजनकाटा. काट्यावर हितेश चढला, त्याची आई वैशाली चढली, मग मोरूमामा चढला. काट्याला घाम फुटला.

"तिघं एकत्र नाही जमणार, सर."

"गल्यातलं सोनं काढतो की."

"सोन्याचा प्रश्न नाहीये, सर."

"मंग वैशाली उतरंल!"

"वा रे दादा!" वैशाली कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पोराची आय मी हाय. तूच उतर."

"मामांना दुसऱ्या फेरीत नेते," क्षितिजा म्हणाली. "आत्ता कुणी हलकं माणूस आहे का?"

बोलावण्याआधीच तात्या काट्यावर उभे होते. चपलासुद्धा काढल्या होत्या.

"त्रेपन्न."

"चष्म्यासकट," तात्या म्हणाले.

जमीन सुटली. खाली गोदामांची निळी-करडी छपरं सरकू लागली. तात्यांचे पाय पेडल शोधत होते, डावा हात वेगाचा दांडा, थ्रॉटल, शोधत होता. "सर, हात मांडीवर," असं क्षितिजाला दोनदा सांगावं लागलं. मागे हितेश डोळे मिटून "मम्मी, आलं का खारबाव?" करत होता.  तात्या फक्त जमिनीची वाट बघत होते.

खारबावचं मैदान आलं. हेलिकॉप्टर हवेत थबकलं आणि विहिरीत पोहरा सोडावा तसं सरळ खाली बसलं.

"हे काय?" तात्या म्हणाले.

"उतरलो, सर."

"याला उतरणं म्हणतात? ही तर लिफ्ट झाली!"

बँड सुरू झाला. मायलेक उतरले, ओवाळणं झालं. तात्यांनी पट्टा आणखी आवळला.

"सर, मला मामांना आणायला जायचंय."

"मग चल ना. मी कुठं अडवलंय?"

तिनं एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि यंत्र उचललं. वर गेल्यावर तात्यांनी तिला मोहरीच्या शेतापर्यंतची सगळी हकीकत सांगितली. उंट वगळून. 

ती म्हणाली, "लडकूशेठचं मैदान लांब आहे. तिथं घसरत उतरता येईल, सर. धूळ उडेल पण."

"उडू दे."

गोदामांच्या छपरांवरून ते तिरपे खाली आले. जमीन समोरून धावत आली, काचभर झाली. खालच्या लोखंडी दांड्या मुरमाला टेकल्या, दणका बसला, खरर्र करत यंत्र पळालं, पळालं, मंदावलं, थांबलं. तात्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, न सांगता.

धुळीतून मोरूमामा बाहेर आला. पांढरा सफारी विटकरी झाला होता, भुवयासुद्धा.

"आरं, हे इमान हाय का रोलर?"

तात्या कुणाचा हात न धरता उतरले आणि दार धरून उभे राहिले. "या मामा. मान तुमचा. सीट गरम करून ठेवलीय."

मग ते जीपमध्ये बसले आणि ड्रायव्हर भावेशला उतरण्याची गोष्ट सांगू लागले. भिवंडी येईपर्यंत मैदान दुप्पट लांब झालं. खारबावच्या अलीकडे गोष्टीत दोन्ही टायर फुटले.

"तात्या," भावेश म्हणाला, "त्या हेलिकॉप्टरला टायर न्हायेत."

"अरे, म्हणून तर अवघड गेलं!"