रंग कुठे गेला

पुलाच्या कठड्यावरून बादली खाली सोडून त्याने पुन्हा एकदा पाणी ओढून घेतलं. काचेच्या पेल्यात ओतलं, पेला उन्हाकडे धरला. पाणी नेहमीसारखंच राखाडी होतं, बर्फाखाली भरडलेल्या दगडांच्या पिठाने गढूळ. लाल छटा औषधालाही नव्हती.

वर हिमनदीवर त्याच्या मेहुण्याने सकाळीच लाल रंग ओतला होता. वितळलेलं पाणी जिथून बर्फाच्या पोटात शिरतं, त्या विवरात. दर उन्हाळ्यात दोघांचं हेच काम. एकाने वर ओतायचं, दुसऱ्याने खाली पुलावर वाट बघायची. जेवणाच्या आत रंग नदीत उतरला, की बर्फाखालची वाट मोकळी आहे हे कळायचं. आज डबा खाऊनही झाला होता.

त्याने वायरलेस उचलला.

"रंग ओतलास ना नक्की?"

"दाजी, मी काय पिऊन टाकला?" मेहुणा हसला. मग त्याचा आवाज उतरला. "अजून नाही आला?"

"नाही. नदीपण उतरलीये."

"एवढ्या उन्हात?"

एवढ्या उन्हात बर्फ वितळत असूनही नदी उतरते, म्हणजे पाण्याने दुसरी वाट धरली. कुठली, ते ठाऊक नव्हतं. तो सरळ सरळ घाबरला होता.

खिशातला फोन वाजला. बायको होती.

"अहो, आईंच्या पांढऱ्या चादरी पार गुलाबी झाल्यात. रंगाचे हात टाकीत बुडवलेत की काय? शंभरदा सांगितलंय तुम्हाला."

"टाकीत झऱ्याचंच पाणी आहे ना?"

"मग काय अमृत असणार? झरा आज नुसता धो धो वाहतोय. बरंच झालं, टाकी पटकन भरली."

तो कठड्याला टेकला. झरा घरामागे, टेकाडाच्या पायथ्याशी होता. टेकाड म्हणजे हिमनदीने मागे हटताना टाकून दिलेला दगडमातीचा ढीग. त्याच्याच आडोशाला सगळी वस्ती आजवर सुखाने नांदली होती. आता पाणी त्याला आतून पोखरत होतं.

"आईला घे आणि समोरच्या डोंगरावर चढ," आवाज शक्य तितका साधा ठेवत तो म्हणाला. "जाताना प्रत्येक घराचं दार ठोठाव. मी निघालोच."

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. एरवी त्याच्या एका वाक्याला तिची चार असायची.

"ऐकतेयस ना?"

"हो." ती म्हणाली. "घराला कुलूप लावू?"

त्याने टेकाडाच्या दिशेला पाहिलं.

"नको," तो म्हणाला.