लुस्मिलाचा खोकला आणि मी

मित्रांनो, मी एक काळा कुय आहे, वयाने उतरलेला आणि खोकून खोकून बेजार झालेला. तुम्ही आम्हाला गिनीपिग म्हणता. म्हणा बापडे! सातासमुद्रापलीकडच्या आमच्या डोंगरात आमचे नाव आमच्या आवाजावरूनच पडले आहे. कुय, कुय! हल्ली माझा आवाज मात्र तसा उरलेला नाही.

माझा जन्म फोर्तुनाताबाईंच्या स्वयंपाकघरात, चुलीमागच्या उबेत झाला. आम्ही वीसेक जण जमिनीवर मोकळे हिंडत असू. माझी तांबडी-पांढरी भावंडे एकेका सणाला उकडलेल्या बटाट्यांसोबत ताटात गेली. मी वाचलो तो केवळ रंगामुळे. काळा कुय औषधासाठी राखून ठेवायचा, अशी आमच्याकडची रीत आहे. बाईंची आठ वर्षांची मुलगी लुस्मिला हिने तर मला पहिल्याच दिवशी आपला म्हणून टाकले. ती मला ‘यानाचा’ म्हणते, म्हणजे आपला काळू. दुपारी ती मला ओच्यात घेऊन अंगणात उन्हाला बसायची आणि लसूणघासाची एकेक काडी भरवायची. ते दिवस फार सुखाचे होते. मला थोडा शिष्टपणा चढला होता, हेही कबूल करतो.

मग एका वर्षी कडाक्याचे हिम पडले आणि लसूणघास जळून गेला. बाईंनी मागच्या खोलीतला जवाचा जुना पेंढा बाहेर काढला. त्याला ओल लागून बुरशी धरली होती. हलवला की पांढरी धूळ उडायची आणि कुसळे नाकात जायची. तोच आमचे खाणे, तोच आमचे अंथरूण, आणि लुस्मिलाच्या गादीतही तोच भरला. आठवडाभरात लुस्मिला खोकू लागली. नाक तर माझेही हुळहुळत होते, पण कुयाच्या शिंकेकडे कोण लक्ष देतो?

बाईंचे पहिले मूल खोकल्यानेच गेले होते. त्यांचा जीव टांगणीला लागला. त्यांनी गावच्या जाणत्या सातुर्निनामावशींना बोलावले. मावशींनी मला मानेला धरून उचलले.

“याला पोरीच्या अंगावरून चोळायचं. रोग याच्यात उतरतो. मग फाडून बघायचं, कुठं बसलाय ते.”

लुस्मिलाने मला हिसकावून छातीशी धरले. “फाडायचं नाही! फाडलंत तर मी तुमचा काढा थुंकून टाकीन!”

“अगं बाई, केवढा हा तोरा! खोकला तुला झालाय का मला?” मावशी हसल्या. “बरं, राहिलं. नुसता चोळते.”

त्यांनी मला तिच्या डोक्यापासून पायापर्यंत चोळले. बाईंनी आजारपणाची गादी उसवली, आतला पेंढा माझ्या कोपऱ्यात पसरला आणि लुस्मिलाला पुढच्या खोलीत लोकरीच्या घोंगड्यांवर निजवले. चार दिवसांत तिचा खोकला थांबला. त्याच चार दिवसांत माझा सुरू झाला.

“घेतला गं यानं, घेतला!” बाई रडत रडत हसू लागल्या.

“घेतला खरा,” मावशी म्हणाल्या. “पण फोर्तुनाता, ध्यानात ठेव. याला बरं करायला जाशील, तर खोकला आल्या वाटेनं पोरीकडं जाईल.”

बाईंच्या तोंडचे पाणी पळाले.

तेव्हापासून माझे फार कौतुक झाले. शेजारपाजारचे लोक मला बघायला येत. बाई रोज माझ्याखाली मूठभर जास्त पेंढा घालत. माझा श्वास शिट्टीसारखा वाजे. ‘हा पेंढा काढा हो!’ असे मला ओरडून सांगायचे असे, आणि तोंडातून निघे खोकला. मी खोकलो की बाई निश्चिंत होत. मी काय करणार होतो?

एके दुपारी लुस्मिला माझा कोपरा झाडायला आली. तिने पेंढ्याची कवळ उचलून झटकली. धुळीचा लोट उठला आणि ती तीनदा खोकली. मग पेंढ्याकडे बघतच राहिली.

“आई, अगं या पेंढ्यानंच खोकला येतोय! मला पण आणि यानाचाला पण!”

शाबास पोरी! मी होता नव्हता तेवढा जोर लावून ‘कुय, कुय’ केले.

बाई धावत आल्या. “बघ, मावशी म्हणाल्या तेच! परत निघालाय तुझ्याकडं. सोड त्याला आधी!”

“पण आई, पेंढा...”

“पेंढ्याला काय धाड भरलीय? आम्ही काय पिसांवर वाढलो? पुन्हा याच्या वाऱ्याला उभी राहिलीस तर बघ!”

त्याच दिवशी त्यांनी मला लुस्मिलापासून लांब ठेवले. बाई दुष्ट नाहीत, मित्रांनो. मला गारठा लागू नये म्हणून त्यांनी मुद्दाम उबदार जागा निवडली. मागची, पेंढ्याची खोली.

मी आता तिथेच असतो. चारी बाजूंना गंजी आहेत. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर वाळलेले गवत देण्याआधी हुंगून पाहा, बाहेर नेऊन झटका, आणि बुरशी दिसली तर सरळ फेकून द्या. तो खोकू लागला तर त्याचा अर्थ लावत बसू नका, जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. आणि घरातले लहान मूल काही सांगत असेल, तर त्याला वाक्य तरी पुरे करू द्या.

शाळेतून येताना लुस्मिला दाराशी थांबते. आत यायची तिला बंदी आहे. ती फटीतून हिरव्या गवताच्या चार काड्या सरकवते आणि हळूच म्हणते, “यानाचा, आहेस ना रे? खोक बरं एकदा.” मी खोकतो. मग ती घरात जाते.

आज सकाळपासून मला खोकायलाही दम पुरत नाही. शाळा सुटायची वेळ झाली आहे. तिच्यासाठी एवढा एक खोकला मला राखून ठेवला पाहिजे.