बाहेरून काढायची भिंत

"नाही लागत हो काका! डोंगरावर रेंजच नाहीये, किती वेळा सांगू?" कारखान्याच्या टेलिफोनवर बसणारी मुलगी म्हणाली.

"अजून एकदा बघ ना."

"सात वेळा बघितलं. आता आठव्यांदा काय तो डोंगर बोलणार आहे?"

काका पाण्याच्या पिंपापर्यंत गेले आणि पाणी न पिताच परत आले. तयार घरांच्या त्या कारखान्यात ते अठ्ठावीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. पाठीमागे सगळे त्यांना 'मिलिमीटर' म्हणत, समोर काका. भिंती कारखान्यात कापायच्या, खिडक्या तिथेच बसवायच्या, ट्रकवर चढवायच्या आणि जागेवर नेऊन क्रेनने दोन दिवसांत घर उभं करायचं, असा तिथला खाक्या. त्यामुळे कागदावर झालेली चूक कागदावर राहत नसे, ती थेट जाऊन चौथऱ्यावर उभी राहायची. आणि काकांची एक चूक काल संध्याकाळीच ट्रकमधून रवाना झाली होती, हे त्यांना आज सकाळी नऊ वाजता कळलं.

घर एका निवृत्त नर्सबाईंचं होतं. नवऱ्याला अर्धांगवायू झालेला, वाचा गेलेली. तो दिवसभर पलंगावर पडून असणार, म्हणून झोपायच्या खोलीची मोठी खिडकी दरीकडे हवी आणि इतकी खाली हवी की पडल्यापडल्या दिसलं पाहिजे, असं बाई स्वतः येऊन सांगून गेल्या होत्या. येताना पलंगाची उंचीही मोजून आणली होती. एरवी लोक 'छान व्ह्यू पाहिजे' एवढंच म्हणतात, आणि काका खिडकी ठोकून मोकळे होतात. बाईंच्या त्या मापाने मात्र त्यांच्या डोक्यात घर केलं. खिडकीच्या खालच्या कडेची नेहमीची नऊशे मिलिमीटरची उंची त्यांनी साडेचारशेवर आणली, मॅनेजरशी भांडून आणली.

आणि तिथेच घात झाला. कारखान्याचा नियम असा, की भिंत नेहमी बाहेरून बघून काढायची आणि दारासमोर उभं राहून डावीकडून नंबर टाकत जायचे. काकांनी हे घर काढलं ते मनाने त्या खोलीत शिरून, पलंगावर पडून. नंबरही आतूनच पडले. डावं ते उजवं झालं. दोन नंबरची भिंत चारच्या जागी आणि चारची दोनच्या जागी. म्हणजे ती मोठी खिडकी आता दरीकडे नाही, घराच्या दुसऱ्या बाजूला डोंगर कापून काढलेल्या मातीच्या कड्याकडे उघडणार होती. अठ्ठावीस वर्षांत काका एकदाच घराच्या आत गेले आणि तोंडघशी पडले.

"उभी राहिली असेल तर राहू दे आता," मॅनेजर फाइलमधून मान वर न काढता म्हणाला. "डोंगर काय वाईट दिसतो? हिरवळ बिरवळ लावतील."

"मातीचा कापलेला कडा आहे साहेब. खिडकीपासून चार हातांवर."

"काका, उभी भिंत उतरवायची तर क्रेनवाला चूकपत्र मागतो. ते कोण देणार?" आता त्याने मान वर काढली. "सात महिन्यांनी तुम्ही रिटायर होताय. पुढची दोन वर्षं तुम्हाला ठेवून घ्या म्हणून मी वर शब्द टाकलाय. फाइलला चूकपत्र लागलं की ठेवत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. उगाच पायावर धोंडा कशाला पाडून घेता?"

काकांना माहीत होतं. त्या दोन वर्षांसाठी त्यांचा जीव किती टांगणीला लागला होता, हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. रविवारीसुद्धा ते घरात टेप घेऊन फिरायचे आणि ती म्हणायची, "अहो, बसा की जरा! कपाट कुठे पळून चाललंय?" नोकरी गेली की आपण दिवसभर करायचं काय, या विचाराने त्यांना खरोखर भीती वाटायची.

अकरा वाजता छपराचा ट्रक निघाला. काका ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसले, कुणाला न विचारता.

घाटात त्यांनी चार वेळा घड्याळ बघितलं, तीन वेळा काच खालीवर केली.

"काका, तुम्ही अशी चुळबुळ करत राहिलात ना, तर मला आधी तुम्हाला उतरवावं लागेल," ड्रायव्हर म्हणाला. "छप्पर गप बसलंय बघा मागे."

"जरा जोरात घे ना."

"घेतो की. मग छप्पर दरीत आणि आपण छपराखाली."

पोचले तेव्हा दीड वाजला होता. चारही भिंती उभ्या होत्या, बोल्ट आवळून झाले होते. मोठी काच लाल मातीकडे तोंड करून बसली होती. दरीच्या बाजूला न्हाणीघरासारखी एक टीचभर खिडकी, तीही उंचावर.

जागेवरच्या सुपरवायझरने त्यांना बाजूला ओढलं. "मला मघाशीच शंका आली होती. पण तुमचा नंबर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! बाई आल्यात, नवऱ्यालाही आणलंय. तुम्ही गप्प राहा. दरीकडून वारा फार, काच टिकणार नाही, असं मी सांगितलंय. पटेल त्यांना."

गाडीच्या पुढच्या सीटवर एक वाळलेला माणूस मान एका बाजूला टाकून बसला होता. बाई त्याच्या तोंडावरची लाळ पुसत होत्या. काकांना बघून त्या लगबगीने आल्या.

"वाऱ्याचं खरं का हो? हे सुपरवायझर मघाशी काहीतरी पुटपुटत होते."

सुपरवायझर खोकला. काकांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"वाऱ्याचं काही नाही, बाई. माझी चूक आहे. मी भिंत उलटी काढली."

"उलटी म्हणजे?" त्यांचा आवाज चढला. "अहो, माप मोजून दिलं होतं मी! दोनदा सांगितलं होतं! आता तो माणूस जन्मभर मातीकडे बघत पडणार का?"

काका ऐकत राहिले. चूक आपली असली की बोलणी खाताना निदान मान कुठे ठेवायची हा प्रश्न पडत नाही, ती खालीच असते. मग त्यांनी क्रेनवाल्याकडून चूकपत्र मागून घेतलं आणि ट्रकच्या बॉनेटवर ठेवून भरलं. 'चूक कोणाची' या रकान्यात पूर्ण नाव लिहिलं. सुपरवायझर 'काका, काका' करत राहिला.

दोन्ही भिंती सारख्याच लांबीच्या होत्या, एवढंच नशीब. बोल्ट सुटले, भिंती हवेत गेल्या, जागा बदलून खाली बसल्या. साडेचार वाजले. काकांनी खालच्या कडेला टेप लावला. साडेचारशे, चोख.

"टेप राहू दे," बाई म्हणाल्या. त्यांचा राग अजून गेला नव्हता. "पेशंट कुठे पडतो, तिथे आधी आपण पडून बघायचं, असं आम्ही करायचो. पडा."

सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर फळी टाकून पलंगाएवढी उंची केली. काका बुटांसकट आडवे झाले.

"काय दिसतं?"

काकांनी मान खिडकीकडे वळवली. समोरच्या डोंगराची कड, तिच्यावर आभाळ, एक बारीक पायवाट वर चाललेली. हे एवढं सगळं त्यांनी कागदावर कधीच काढलं नव्हतं.

"समोरचा डोंगर दिसतो पूर्ण. पण दरीतली नदी नाही दिसत," ते म्हणाले. "माझंच चुकलं पुन्हा. नदीसाठी अजून शंभर मिलिमीटर खाली घ्यायला हवी होती."

बाई त्यांच्या डोक्याशी वाकून बघत होत्या. "असू दे," त्या म्हणाल्या. "एक उशी जास्तीची देईन."

त्या गाडीकडे गेल्या. काकांनी उठायला हवं होतं. खालून ड्रायव्हर हॉर्न देत होता. पण सबंध दिवसात पहिल्यांदाच त्यांना कुठे जायची घाई वाटली नाही. सात महिन्यांनी रोज असंच पडून राहायचं होतं, आणि तेव्हा खिडकीतून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाक्या दिसणार होत्या.

"अहो, हात लावता का जरा?" बाईंनी दारातून हाक मारली. "यांची चाकाची खुर्ची उंबऱ्याला अडतेय."

काका फळीवरून उतरले. एका बाजूने बाईंनी खुर्ची धरली, दुसऱ्या बाजूने त्यांनी, आणि दोघांनी मिळून तिला अलगद आत घेतलं.