मुरघासाभोवतीच्या काट्या

"आबा, बॅगचं तोंड उघडायचं न्हाई म्हंजी न्हाई," असं मी सासऱ्यांना दिवसातून दहादा सांगत हुते. पन ऐकतील तर ते पुंजाराम कसले!

मका चिकात आला तसा आमी कापला, कुट्टी केली आन तुडवून तुडवून मुरघासाच्या तीन मोठ्या प्लास्टिकच्या बॅगा भरल्या. आत हवा शिरली की चारा नासतो, म्हनून दीड महिना हात लावायचा न्हाई. जामखेडाकडचा उन्हाळा, चैत्राआधीच बांधावर हिरवी काडी राहत न्हाई. ह्या मुरघासावरच आमच्या चार गायी जगायच्या. त्यात कबरी गाभन. चारा पुरला न्हाई तर तिला बाजार दाखवायचा, असं माझे मालक अंगद ह्यांनी आधीच बजावलं हुतं आन मग ते ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर गेल्ते. कबरी म्या वासरू हुती तवापासून वाढवलीय. ती जाऊ द्यायची न्हाई, एवढंच माझ्या डोक्यात.

आबांना मात्र दम निघंना. सारा जन्म कडबा टाकलेला मानूस. बॅगेची गाठ सोडायची, वास घ्यायचा, मूठभर काढून कबरीला चारायचं. "जया, दोन जिवाची हाय ती, वाट बघती," म्हनायचे. दोनदा म्या रंगेहात धरलं. तिसऱ्यांदा डोकंच फिरलं माझं. गोठ्यावर पाचट पसरू, बारदानं भिजवू, गायी धुऊ, का ह्यांच्यावर राखन करू? बांधावरच्या बाभळीच्या काट्या तोडून आनल्या आन तिन्ही बॅगांभोवती गच्च रचल्या. म्हनलं, आता घाला हात.

आबा मग लांबूनच बघून जायचे.

दीड महिन्यानं मालक घरी आले, काट्या ओढून बॅग उघडली, तर कुबट भपकारा आला. आत हातभर काळी बुरशी. दुसरी तशीच, तिसरी बी तशीच. वाऱ्यानं काट्या हलत राहिल्या आन काटे टोचून टोचून बॅगांची पार चाळन झाली. गाठी तेवढ्या जशाच्या तशा आवळलेल्या.

"काट्या कुन्या शहान्यानं लावल्या?" मालकांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हनाले, "म्या. शेरडं तोंड घालत हुती."

मालकांनी बापाला न्हाई न्हाई ते सुनावलं. आबा खाली बघून ऐकत राहिले. आन घरात जिची जीभ सगळ्यात जास्त चालते ती मी, गप उभी. लई लाज वाटली, पन बोलवंना.

बाजाराच्या दिवशी टेम्पो आला. कबरी चढंना. आबांनी कपाळावर हात फिरवला तवा चढली. टेम्पो वळनाआड गेला तसे मालक आबांना म्हनाले, "तुमच्यामुळं गेली ती."

"माझ्यामुळं गेली," मी म्हनले. "काट्या म्या लावल्या."

मालक झटक्यात माझ्याकडं वळले. आबांनी धोतर झटकलं.

"आता कशाला सांगितलंस पोरी?" ते म्हनाले. "गाय तर गेली. आन मला बोलनी खायची सवय हाय."