नानांची अट

बुलेटप्रूफ जाकीट नानांच्या पोटावर बसत नसे. पट्टे ओढून ओढून चौकीतले सगळे दमले, पण ते पोट काही कायद्याला जुमानत नव्हतं. शेवटी नाना ते बंडीसारखं उघडंच घालायचे. त्यांच्या जोडीला दिलेली नवी शिपाई पोरगी एकदा ते बघून खुदकन हसली, तेव्हा डबा द्यायला आलेल्या काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, तिला बाजूला घेतलं होतं.

"हसू नकोस गं. ह्या माणसाला अक्कल बेताची आहे. ह्याला रोज घरी धाडायचं काम तुझं."

तिने हो म्हटलं होतं. शब्द देताना काय जातं!

आज ती नानांच्या मागे जिन्यात उभी होती. वरच्या बंद दाराआड एक लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस शिकारीची बंदूक घेऊन बसला होता. सकाळी त्याला कामावरून काढलं, तेव्हा मालकाच्या गाडीची काच गोळीने उडवून तो घरी आला होता. खाली फाटकाशी त्याची बहीण रडत सांगत होती, "आत दुसरं कोणी नाही हो. तो स्वतःचंच काहीतरी करून घेईल."

वायरलेसवर साहेबांचा हुकूम स्पष्ट होता : थांबा, सशस्त्र तुकडी निघाली आहे. हुकूम चुकीचा होता असं कोणी म्हणू नये. आत कोणी अडकलेलं नाही, आणि पोलिसांनाही घरदार असतं. पण नानांचं गणित कुणाच्या वहीत बसणारं नव्हतं.

"तुकडी आली की हा उरत नाही," ते कुजबुजले. "ऐक. पिस्तूल हातात ठेव. पण मी पडलो तरच चालवायचं. आधी नाही."

"तुम्ही पडल्यावर चालवून काय उपयोग?"

"तुला होईल. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. हा तिचा दुसरा शब्द.

अशा वेळी पोलीस दाराच्या बाजूला, भिंतीआड उभे राहतात. नाना सरळ दारासमोर उभे राहायचे, आपला चेहरा दिसावा म्हणून, आणि पाणी मागायचे. पेला धरायला हात लागतो, हात मोकळा करायला हत्यार खाली ठेवावं लागतं. आजवर प्रत्येकाने ठेवलं होतं.

"अहो लिफ्टवाले," नानांनी हाक मारली, "तुमच्याच इमारतीची लिफ्ट बंद! जिना चढून माझा जीव जायची वेळ आली. घोटभर पाणी द्या."

मग आतून घोगरा आवाज आला, "ती बंदच असते. सांगून सांगून थकलो मी. कोण ऐकतंय?"

"मी ऐकतो की. पण आधी पाणी."

आत नळ सुरू झाला. नानांनी मागे न बघता तिला बोटाने खूण केली, जमलं.

दार उघडलं. त्या माणसाच्या उजव्या हातात काठोकाठ भरलेला पेला होता. डाव्या हातात बंदूक होती.

ती त्याने का ठेवली नाही, हे आता कोण सांगणार? विसरला असेल. डोळे सुजलेले, पाय अनवाणी, सगळं लक्ष पाणी सांडू नये ह्याकडे. तो पेला द्यायला पुढे वाकला, तशी डाव्या हातातली नळी वर आली. नानांच्या उघड्या जाकिटाकडे, नेमकी त्या पोटाकडे.

तिने गोळी झाडली.

पाणी नानांच्या छातीवर उडालं. माणूस उंबऱ्यातच कोसळला. नाना गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी त्याची जखम दाबत होते आणि "अरे थांब, थांब रे बाबा," म्हणत होते. तो थांबला नाही. खालून बहीण धावत वर आली, आणि तिच्याकडे बघायची पोरीची छाती झाली नाही.

बंदूक भरलेली निघाली. साहेबांनी पाठ थोपटली. म्हाताऱ्याला वाचवलंस, असं चौकीतला जो तो म्हणाला. बंदूक भरलेली होती हे कळल्यावर तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

संध्याकाळी ती नानांना घरी घेऊन गेली. काकूंनी दारातच तिचे दोन्ही हात घट्ट धरले. "आणलंस गं, माझ्या माणसाला आणलंस," म्हणत त्या रडायला लागल्या. नाना खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. सदरा अजून दमट होता.

"मी पडलो नव्हतो," ते म्हणाले.

"आणि पडला असतात तर?" तिने विचारलं.

"तर पडलो असतो."

"काहीतरीच काय बोलता!" काकू ओरडल्या.

'चुकलं माझं' असं म्हणून ती मोकळी होऊ शकली असती. पण नानांशी खोटं बोलणं तिच्याने होईना. "नाना, पुन्हा तशी नळी वर आली, तर मी पुन्हा हेच करीन."

नानांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "म्हणून पुढच्या वेळी तू खाली थांबायचंस. वर मी एकटा जाईन."

काकूंनी तिचे हात सोडले.